चौथा पंखा

रविवार, अकरा जानेवारी, सकाळी साडेदहा. हजर: वरच्या मजल्यावरचे काका, मी, आणि जेवणाच्या टेबलावर उताणा पडलेला ड्रोन. गैरहजर: वारा. तो येऊ नये म्हणून खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, आणि मी जोरात श्वास सोडायचा नाही असं ठरलेलं.

जगातल्या कुठल्याही वस्तूच्या दोन बाजू सारख्या नसतात, यावर वरच्या काकांइतका गाढ विश्वास असलेला माणूस हेब्बाळमध्येच काय, अख्ख्या बंगळुरूत सापडणार नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ग्राइंडिंगच्या चाकांचा तोल साधला. निवृत्तीनंतर चाकं संपली, हात थांबले नाहीत. आम्ही पुण्याहून इथे राहायला आलो त्या दिवशी सामानाच्या आधी काका घरात शिरले, मान वर करून आमचा हलणारा पंखा पाहिला, त्याच्या एका पात्यावर वायसर चिकटवला आणि मगच नाव-गाव विचारलं. लिफ्टमध्ये ते माणसांना अंगाच्या मानाने दोन्ही भिंतींशी वाटून उभं करतात. भाजीच्या दोन पिशव्या सारख्या होईनात तर हलकीत एक कांदा जास्तीचा घेतात. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे निपाणीकडचे, आणि मला अक्का म्हणतात. जड बाजू घासून हलकी करायला त्यांचा सक्त विरोध. "जडाला घासायचं न्हाई वो अक्का," ते म्हणत. "हलक्याला स्वल्प द्यायचं."

ड्रोन त्यांनी हौसेने घेतला खरा, पण हौस थोरल्या भावासाठी होती. भाऊ गावी असतात. त्यांची नजर दिवसेंदिवस आकसत चालली होती आणि डॉक्टरांनी, आहे तोवर बघून घ्या, असं सांगितलं होतं. त्यांनी स्वतः लावलेली आमराई त्यांना वरून दाखवायची, एवढाच काकांचा बेत. दिवाळीत एकदा उडवूनही झालं होतं. पण पंख्यांचा तोल नव्हता, त्यामुळे सगळं चित्र थरथरत होतं. भावांनी फोन डोळ्यांना टेकवून पाहिला आणि विचारलं, "पिठलं कढतंय ते दावतोस व्हय?" काका हे सांगताना हसत, पण त्या दिवसापासून त्यांनी पंखे सोडले नाहीत. चुंबकांच्या दोन टोकांमध्ये एक बारीक सळई, सळईत पंखा. जड पातं खाली झुकतं. मग हलक्या पात्याला पाठीमागून नखाएवढी चिकटपट्टी. पंखा जिथे सोडावा तिथेच थांबला, की झाला. एकेका पंख्याला त्यांना दोन-दोन दिवस लागत. बुधवारच्या गाडीचं तिकीट होतं, तीन पंखे झाले होते आणि चौथा संपवायला त्यांनी मला साक्षीला बोलावलं होतं.

काका चहा टाकायला आत गेले. रिकामं बसणं मला जमत नाही. समोर तीन पंखे होते आणि त्यांच्यावर चिकटपट्टीचे कुरतडल्यासारखे तुकडे. मी ते नखाने काढले, पदराने पुसलं आणि पंखे ओळीने मांडून ठेवले. मला बरंही वाटलं.

काकांनी चहा ठेवला, एक पंखा सळईत घातला. पातं धप्पदिशी खाली गेलं. दुसरा घातला, तोही गेला. ते माझ्याकडे वळले.

"अक्का, पुसलं काय?"

"डाग होते, काका."

काका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कप सरळ केला. मग "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणून कात्री उचलली. मी तिकीट पुढे ढकलू या म्हणाले, तर म्हणाले, तिकीट ढकलता येतं, डोळे कुठं ढकलायचे. बुधवारपर्यंत रात्री जागून त्यांनी तीन पंखे पुन्हा केले. चौथ्याच्या जागी पाकिटातला कोरा बसवला आणि अर्धवट राहिलेला चौथा, सळई-चुंबकांसकट, माझ्या हातात दिला. "तुम्ही करा. मी आलो की बघतो."

रविवारी त्यांचा फोन आला. मी आधी विचारलं, हललं का? हललं, म्हणाले, थोडं हललं. मग म्हणाले, भावानं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा लाव म्हणाला. हलतंय म्हणून मी माफी मागायला गेलो, तर मलाच म्हणाला, "आंबं हलत्यात बाबा. आज वारं हाय."

वारा खरंच होता का, हे मी काकांना विचारलं नाही.

काका गावीच राहिले आहेत. भावांना आता हाताला धरून आमराईत न्यावं लागतं, म्हणतात, आणि ते डावीकडे झुकतात, म्हणून काका उजवीकडून चालतात. वरचा मजला बंद आहे. आमचा छताचा पंखा अजून जराही हलत नाही. दर रविवारी तो मी बंद करते, खिडक्या लावते आणि चौथा पंखा सळईत घालते. हलकं पातं कुठलं ते आता मला ओळखू येतं. चिकटपट्टी मापाने कापून बशीत ठेवली आहे. लावायची राहिली आहे.