कर्णा मावशी आणि मागची खिडकी

कर्णा मावशीने कानात सांगितलेलं गुपित चार घरं पलीकडे ऐकू जायचं. यात तिचा काही दोष नव्हता. बिचारीचं अख्खं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात गेलं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपायच्या आत दुसरी कांडी भरून तयार हवी, आणि शेजारी माग आपले धडाधड चाललेले. तिथे नुसतं ‘पाणी दे गं’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. पुढे कारखाना सुटला, आवाज मात्र तिथलाच राहिला. कर्णा हे नाव तिला कुणी चिकटवलं कोण जाणे, पण मिरवलं तिनेच. “वीज नको, बॅटरी नको, फुकटचा कर्णा आहे!” असं म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. ते हसणंही चार घरं पलीकडे जायचं.

तर अशी ही बाई म्हातारपणी वाचायला लागली. आणि कुठे, तर जिथे भिंतीभिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं तिथे. आता बोला!

झालं असं, की काम सुटल्यावर दुपार तिला खायला उठली. घर एका खोलीचं. मुलगा छापखान्यात रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपणार. मावशीने भांडं जरी ठेवलं तरी तो दचकून उठायचा आणि काही न बोलता कूस बदलायचा. ते न बोलणं तिला फार लागायचं. म्हणून जेवण उरकलं की ती आपली बाहेर पडायची. अशीच एकदा उन्हाने हैराण होऊन सार्वजनिक वाचनालयात शिरली. आत पंखा होता, बाक होता, प्यायला गार पाणी होतं, आणि ‘काय पाहिजे?’ असं कुणी विचारलंही नाही. मावशीला नवलच वाटलं. आजवर कुठेही गेलं की लोक आधी चपला बघायचे आणि मग तोंड. इथे कुणी काही बघितलंच नाही.

चार-पाच दुपारी नुसती बसून गेल्यावर ग्रंथपालबाईंनीच विचारलं, “मावशी, कार्ड काढायचं का?”

“मला? अगं, मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई.”

“मग चौथीपासून सुरू करा,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. वयाने मुलीसारख्या, पण बोलायला तयार.

कार्डावर फोटो आला. मावशीने तो अख्ख्या आळीला दाखवला. “बघ, ही मी. आता वाचणाऱ्यांत जमा.” आणि पहिलंच पुस्तक तिने कपाटातलं सगळ्यात जाड काढलं, कारण घ्यायचं तर भरगच्च घ्यावं. कादंबरी होती. एका नावाड्याची मुलगी पुरात वाहून गेलेल्या भावाला शोधायला एकटीच होडी घेऊन निघते, अशी गोष्ट. मावशी बाकावर बसली, पुस्तक उघडलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं, “न-दी-ला... पूर... आला!”

पूर खरोखरच आल्यासारखे सगळे उठून उभे राहिले.

“शांतता!” कोपऱ्यातून दुसरा आवाज आला. हे चिडीचूप काका. रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. हयातभर लोकांची तिकिटं तपासली, आता लोकांचे आवाज तपासायचे. रोज वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचे. जवळ कुणी कुजबुजलं, खुर्ची सरकली, कुणी साधं ‘काका, काय म्हणतंय आजचं वर्तमानपत्र?’ विचारलं, तरी ओठांवर बोट आणि “श्श्श!” हे ठरलेलं.

“बाई, हे वाचनालय आहे, बाजार नाही. मनात वाचा!”

मावशीने मनात वाचायचा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटले. डोळे पुढे गेले, डोकं मागेच राहिलं. पान संपलं आणि काय वाचलं ते विचाराल तर शून्य. घरी तिने तोंडात रुमाल कोंबून बघितलं, बोटांनी ओठ चिमटून बघितले. छे! पालथ्या घड्यावर पाणी. शब्द कानावर पडल्याशिवाय तिला त्याचा अर्थच लागत नव्हता. आणि घरी मोठ्याने वाचावं तर मुलाची झोप. म्हणजे वाचनालय सुटलं की वाचन सुटलं, इतका हा साधा हिशोब होता.

ग्रंथपालबाईंनी तोड काढली. इमारतीच्या मागे पडवी होती, सायकली लावायची. तिथे त्यांनी एक मोडका बाक टाकला. “इथे वाचा मावशी, हवं तेवढं मोठ्याने.”

पहिले काही दिवस मावशी सायकलींना वाचून दाखवत होती. मग मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची गाडी हळूहळू सरकत पडवीला टेकली. “मावशी, ते मघाचं पुन्हा वाचा ना, माझी वाफ सुटली त्यात ऐकू आलं नाही.” गिरणीवाला पीठ झटकत येऊन बसायला लागला. त्याचं आणि मावशीचं छान जमलं, कारण गिरणीच्या घरघरीमुळे त्यालाही हळू बोललेलं ऐकू यायचं नाही. त्याच्या पाठोपाठ नुकतीच आई झालेली एकजण आली, कडेवर रडकं पोर घेऊन. ते पोर घरी अंगाई म्हटली की किंचाळायचं, आणि इथे कर्णा वाजतोय तर ढाराढूर! आईने अक्षरशः कपाळाला हात लावला. तेव्हापासून ती रोज यायला लागली, कारण तेवढाच वेळ तिचे हात मोकळे असायचे.

मावशीचं वाचनही सुधारलं. अडखळणं कमी झालं. नावाड्याच्या मुलीचा आवाज ती वेगळा काढायची, तिच्या दुष्ट चुलत्याचा वेगळा. पुराच्या पाण्यात होडीचा दोर तुटला त्या दिवशी इस्त्रीवाल्याने कुणा वकिलाचा सदरा जाळला आणि वर “गेला तर गेला, तुम्ही पुढे वाचा” म्हणाला.

पण सुख असं बघवतं का कुणाला? पडवीतल्या बाकाच्या डोक्यावरच वाचनकक्षाची खिडकी होती. काकांनी एव्हाना आपली खुर्ची कोपऱ्यातून उचलून आतल्या बाजूने नेमकी त्या खिडकीखाली नेली होती. “म्हातारा पाळतीवर बसलाय,” इस्त्रीवाला म्हणाला. होडीचा दोर तुटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी ग्रंथपालबाईंना फर्मावलं, “त्या मागच्या खिडकीचं काहीतरी करा.” बाईंनी शिपायाकरवी खिडकीला जाड पुठ्ठा ठोकून घेतला. ठोकताना मावशी खालीच बसली होती. तिच्या डोक्यावर धूळ पडली आणि डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलली नाही. कर्णा मावशी काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

पुठ्ठा लागला तरी काका गप्प बसेनात. “अहो, काय सांगितलं होतं मी? खिडकीचं करा ना काहीतरी!” असं म्हणून आणखीच तणतणले. प्रकरण वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्ष म्हणजे चौकातले औषधवाले. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी मावशीला निरोप धाडला: वाचन बंद ठेवा, रविवारी सभेला या, तुमच्या कार्डाचं काय करायचं ते तिथे ठरेल.

दोर तुटलेला, होडी धारेला लागलेली, आणि पुस्तक बंद. मावशीला अन्न गोड लागेना. मुलाच्या ते लक्षात आलं. रविवारी रात्रपाळी करून आला तो झोपलाच नाही. शर्ट बदलला आणि म्हणाला, “चल आई, मी येतो.”

“अरे, तुझी झोप?”

“माझ्या झोपेपायी तू घराबाहेर बसतेस, हे काय मला कळत नाही?”

सभेला मोठं दालन भरलं होतं. इस्त्रीवाला, गिरणीवाला, पोराला घेऊन ती आई, वरच्या मजल्यावर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, सगळे आले होते. चिडीचूप काका पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांत धरून. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला आणि मावशीकडे वळले. “मावशी, राग तुमच्यावर नाही. तुम्ही मनात वाचायला तयार असाल तर विषयच मिटला. हे घ्या तुमचं पुस्तक. एक पान मनात वाचा आणि काय वाचलं ते सांगा. जमलं तर कार्ड तुमचं.”

मावशीने पुस्तक घेतलं. तिने ओठ आवळले. बोट ओळीवरून सरकत गेलं, सरकत गेलं, पानाच्या तळाशी पोचलं. कपाळावर घाम आला. मुलाने मूठ आवळून धरली होती.

“काय वाचलंत?”

“काही नाही,” मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली. “नाही जमत, साहेब. मागांच्या खडखडाटात सगळं ओरडूनच शिकले मी. कानाने ऐकलं तरच डोक्यात जातं माझ्या. तुमचा नियम बरोबर आहे. हे घ्या कार्ड.” तिने कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. फोटोवरून एकदा अंगठा फिरवला. “फक्त एवढं करा, त्या पोरीचं पुढे काय झालं ते कुणीतरी मला सांगा. मी वाचनालयात नाही येणार, रस्त्यात भेटून सांगा.”

ग्रंथपालबाईंनी मान खाली घातली. अध्यक्षांनी कार्ड उचलायला हात पुढे केला, तोच काठी दाणकन आपटली.

“थांबा!” काका उभे राहिले होते. “तक्रार माझी, आणि निकाल मला न विचारता?”

“काका, तुमच्याच बाजूने लागतोय निकाल,” अध्यक्ष म्हणाले.

“डोंबलाची माझी बाजू! मी काय म्हणालो होतो? खिडकीचं काहीतरी करा. ती खिडकी गंजलीय, अडकून बसलीय, उघडत नाही. जेमतेम अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, तर तुम्ही वर पुठ्ठा ठोकलात! दोर तुटला एवढं कळलं मला. पुढे ती पोरगी जगली की मेली? सांगा ना! इतके दिवस झोप नाही मला!”

क्षणभर कुणाला काही उमगलंच नाही. मग इस्त्रीवाला असा काही हसला की तान्हं पोर जागं झालं. सगळं दालन हसायला लागलं, पण काका हसत नव्हते.

“अहो, मग पडवीत येऊन बसायचं ना,” मावशी म्हणाली.

“कोणत्या तोंडाने? ज्या बाईला मी इथून उठवलं तिच्यासमोर?” काकांनी चष्मा काढला. “आणि ऐका सगळ्यांनी. मला दिसत नाही. वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा दिसत नाहीत, वर्ष होत आलं. घरी कळलं तर एकट्याला उंबरा ओलांडू देणार नाहीत. म्हणून इथे येऊन कागद धरून बसतो. कुणी जवळ येऊन ‘काय लिहिलंय’ विचारलं तर पितळ उघडं पडेल, म्हणून सगळ्यांना गप्प करत होतो. शांतता कसली डोंबलाची! त्या शांततेने जीव नकोसा झाला होता माझा. ही बाई वाचायला लागली आणि वर्षभरात पहिल्यांदा मी काहीतरी वाचलं.”

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलाने आईच्या पाठीवर हात ठेवला.

अध्यक्ष गडबडले. “पण वर अभ्यास करणाऱ्या मुलांना त्रास...”

“आम्ही रस्त्याच्या बाजूला बसतो,” मागून एक मुलगी म्हणाली. “आम्हाला काहीच ऐकू येत नाही. तीच तर तक्रार आहे आमची.”

आता मात्र अध्यक्षांनाही हसू आवरेना. नियमाचा माणूस खरा, पण समोर अख्खी सभा हात वर करून उभी राहिल्यावर तो तरी काय करणार? पुठ्ठा निघणार, खिडकी दुरुस्त होणार, पडवीत आणखी बाक येणार आणि रोज दुपारी मावशीचं वाचन होणार, असं तिथल्या तिथे ठरलं. ग्रंथपालबाईंनी टेबलावरचं कार्ड उचलून मावशीच्या हातात ठेवलं आणि वरून तिचा हात दाबला.

“उद्यापासून सुरू करू,” अध्यक्ष म्हणाले.

“उद्या?” काका कडाडले. “उद्यापर्यंत त्या पोरीला पाण्यात ठेवता काय?”

झालं! इस्त्रीवाल्याने बाक ओढला. मुलाने आईला दालनाच्या मधोमध खुर्ची दिली, बरोबर ‘शांतता राखा’ या पाटीच्या खाली. काकांची खुर्ची तिच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मावशीने डोळे पुसले, पान शोधलं, बोट ओळीवर ठेवलं आणि मागाच्या कारखान्यातला आपला तो आवाज सोडला. “होडी... भोवऱ्यात सापडली!”

खिडक्यांची तावदानं थरथरली. रस्त्यावरचे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले आणि तिथेच थांबले. पोर पुन्हा झोपी गेलं. रात्रभर जागलेला मुलगाही भिंतीला टेकून झोपला, आईच्या आवाजात, तोंड उघडं टाकून.

पान उलटताना मावशी श्वास घ्यायला जरा थांबली. तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि शेजाऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलायला वाकले.

“श्श्श!” चिडीचूप काका म्हणाले. “मावशी वाचतायत.”