दादाच्या रक्तातला आकडा

माझा मोठा भाऊ कशाला घाबरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीतली मोटर अडकली की कमरेला दोर बांधून तोच आत उतरायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी भर दुपारी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "बाई, मले भीती वाटून राहिली," तेव्हा मी आधी हसलेच.

"कशाची?"

"तेच तं समजत नाई. काही झालं नाई, तरी वाटते आता काहीतरी होते."

मी नागपुरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या वेळी माझ्यापुढे रक्ताच्या नळ्यांची रांग लागली होती. "टेन्शन घेऊ नको, नीट झोप," एवढं म्हणून मी फोन ठेवला. ते वाक्य मला अजून टोचतं.

आठवड्याभराने वहिनीचा फोन आला. दादा झोपत नव्हता. मोटरसायकल मध्येच थांबवून रस्त्याच्या कडेला बसून राहायचा. "कोनी म्हनते बाहेरचं हाय, कोनी म्हनते डोकं फिरलं. तुमीच सांगा, कुठी दाखवू?"

मी दोघांना बोलावून घेतलं आणि मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. कुठलं औषध सुरू आहे का, असंही विचारलं. दादा म्हणाला, "नाई." गोळ्या लिहून मिळाल्या. दोघं एसटीने गावी परतले आणि मीही निर्धास्त झाले.

पंधरा दिवसांनी वहिनी न कळवताच त्याला घेऊन माझ्या मनीषनगरच्या घरी आली. हिवाळ्याचे दिवस होते, तरी दादाचा शर्ट घामाने भिजलेला होता. डाव्या डोळ्याची पापणी सारखी फडफडत होती. पाण्याचा ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी मांडीवर सांडलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खोलीत उजेड बेताचाच होता, तरी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

असे डोळे मी वॉर्डात रक्त काढायला जाते तेव्हा पाहिले होते. कीटकनाशक प्यायलेल्या माणसांचे.

मी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं. "दादा, खरं सांग. औषध पेलास का?"

वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"पागल झाली का वं?" दादा ओरडला. "पेईन कायले? मी तं मारतो फक्त!"

"कधी मारलंस?"

"परवा. कालबी. मोसंबीवर कीड लय हाय."

हातमोजे घालतोस का, तोंडाला काही बांधतोस का, असं मी विचारत गेले. तो नाही म्हणून मान हलवत राहिला. वहिनीने हळूच सांगितलं, "पाठीवरचा पंप गळते. घरी येतात तं पाठ वलीच असते." मनोविकारतज्ज्ञांनी औषधाचं विचारलं तेव्हा हे त्याला सुचलंच नव्हतं. घेण्याचं औषध वेगळं आणि मारायचं वेगळं, एवढाच त्याचा साधा हिशेब.

मी त्याला कपडे काढायला लावले, साबणाने आंघोळ घालायला वहिनीला सांगितलं आणि रिक्षाने थेट हॉस्पिटल गाठलं. इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहताच सलाईन लावायला सांगितलं. "रक्त घे," त्या मला म्हणाल्या. मी रोज कितीतरी शिरा शोधते. त्या दिवशी भावाच्या हाताची शीर मला दुसऱ्या टोचणीला सापडली.

तपासणी कोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमची होती. एका नसेने सोडलेला निरोप पुढे पोचला की हे एन्झाइम तो पुसून टाकतं. फवारणीची काही औषधं नेमकी त्यालाच जखडतात. मग निरोप पुसले जात नाहीत, साचत राहतात. घाम येतो, स्नायू फडफडतात, मेंदूला स्वस्थता म्हणून मिळत नाही.

मशीनवर आकडा आला. मला तो खरा वाटेना. मशीन तपासून घेतलं, नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. जेवढा असायला हवा त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाही नव्हता. रिपोर्टवर सही करून मी तो स्वतःच इमर्जन्सीत नेऊन दिला.

दादा सहा दिवस भरती होता. घाम थांबला, बाहुल्या मोठ्या झाल्या. पुढे मी दर पंधरवड्याला रक्त तपासत गेले आणि आकडा हळूहळू चढला. भीती मात्र उतरली नाही. कुकरची शिट्टी झाली तरी तो दचकायचा. एकदा मी आनंदाने रिपोर्ट दाखवला, तर त्याने तो चुरगाळून फेकला.

"आकडा बरा झाला तं मी काहून नाई झालो?"

मी त्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की विषाने फक्त एन्झाइम अडत नाही. लोखंडाला गंज चढावा तसा मेंदूतल्या पेशींवरही ताण येतो, आणि रक्त सुधारलं तरी तो लगेच ओसरत नाही. "किती दिवस लागतील ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही भित्रे नाही आणि वेडेही नाही."

दादा खाली मान घालून रडला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

बऱ्यापैकी सावरायला सात-आठ महिने गेले. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या. गर्दीत त्याची छाती अजूनही धडधडते, पण तो थांबून श्वास घेतो आणि पुढे जातो. वहिनीने पंप भंगारात दिला. आता फवारणी मजुरांकडून करून घे, असं मी सुचवलं, तेव्हा दादा भडकला.

"म्हंजे माह्याऐवजी त्यायले होऊ दे?"

गेल्या महिन्यात तो गावातल्या दोन फवारणीवाल्यांना घेऊन लॅबमध्ये आला. एकाचं रक्त ठीक निघालं. दुसऱ्याचा आकडा खाली होता. तो माणूस रिपोर्ट हातात धरून म्हणत होता, "मले काही नाई झालं गा, उगाच छाती घाबरते."

दादा त्याच्या शेजारी बाकावर बसला. "माह्यासंगंबी असंच झालतं," तो म्हणाला, आणि त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगू लागला.