पट्टी लावलीस ना?

“स्क्रीनवर सगळंच छान दिसतं रे. कागदावर दाखव.” असं म्हणून माझी ही सहकारी हात पुढे करायची.

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात वेबपेजवरचे तक्ते कोड लिहून छापण्याजोगे करायचं काम चाले. छापलेला कागद ती टेबलावर पसरायची, ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि एकेक ओळ स्क्रीनशी ताडून बघायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी वैताग देतात, आणि शेवटी त्यांचंच बरोबर निघतं, हा आणखी वैताग.

ती वरळी कोळीवाड्यातली. वडिलांचे गुडघे गेले आणि होडी धाकट्या भावाकडे आली. वडिलांना तिथीवरून भरती-ओहोटी तोंडपाठ, भाऊ नवखा. म्हणून दर महिन्याला ती वेबसाइटवरचा भरती-ओहोटीचा तक्ता आमच्याच कोडनं कागदावर उतरवायची आणि लॅमिनेट करून होडीत टांगायला द्यायची.

“मोबाइल आहे की त्याच्याकडे,” मी एकदा म्हटलं.

“मासळीच्या हातानं मोबाइल बघणार? येडा आहेस का?”

एका महिन्यात घाई होती. कोड कधी चुकला नव्हता, म्हणून तिनं पट्टी लावली नाही. एखाद्या दिवशी भरती एकदाच येते, तेव्हा वेबसाइटवर दुसऱ्या भरतीच्या रकान्यात रेघ असायची; त्या महिन्यात तो रिकामाच सोडला होता. कोडनं तो रिकामा रकाना गाळला आणि संध्याकाळच्या ओहोटीची वेळ भरतीखाली सरकली. भाऊ ती वेळ धरून परतला. होडी खडकावर बसली, तळाची फळी फुटली. भाऊ खरचटलेल्या पायांनी चालत किनाऱ्याला आला.

“माझ्या भावाला मीच खडकावर घातला,” दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली. मग दुपारपर्यंत कोड दुरुस्त करत बसली. मला तिची फार दया आली.

भाऊ चिडला नाही. पुढचा कागद घेताना त्यानं फक्त विचारलं, “पट्टी लावलीस ना?” नंतर दर महिन्याला तो हेच विचारी, आणि ती ऑफिसात येऊन त्याची नक्कल करून दाखवी.

गेल्या वर्षी ती आजारपणात गेली. महिना संपत आला तेव्हा भाऊ आमच्या ऑफिसखाली उभा होता, हातात जुना कागद घेऊन. वर जाऊन मी कोड चालवला, प्रिंट काढली आणि घाईघाईनं खाली आणून दिली.

त्यानं हात पुढे केला नाही.

“पट्टी लावली ना?”

मी कागद घेऊन परत वर गेलो. पट्टी तिच्या खणातच होती.