खलनायकाची शिक्षा

रायपूर छत्तीसगडची नवीन राजधानी झालं अन् जो तो पिक्चर काढायला लागला. आमचे हे, निरंजन, रेल्वेत बाबू. चौबे कॉलोनीत गणपतीची मराठी नाटकं लिहायचे. भनपुरीच्या हिरालाल ट्रान्सपोर्टवाल्यानं खुनाचा हिंदी पिक्चर काढला, त्याचे डायलॉग यांनी लिहिले. पडद्यावर यांचं नाव येणार म्हणून मी नवी साडी नेसून गेली.

काय तो पिक्चर, देवा! खुनी कोण ते इंटरव्हलच्या आधीच समजलं, तरी पडद्यावर जो तो उभा राहून समजावून सांगे. अन् शेवटी खलनायक गरजला, "तुझे ऐसी शिक्षा दूँगा कि याद रखेगा!"

अख्खं टॉकीज हसलं. मागून कोणी ओरडलं, "हव गुरुजी, कौन सी क्लास में?"

अहो, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! सजा लिहायला पाहिजे होतं. पण राग आला की यांच्या डोक्यात मराठीच येते. खलनायक झालेला श्यामरावही आमच्याच नाटकातला, त्याले कुठं खटकणार? मले हसू आलं, अन् बाजूला यांचा चेहरा पाहून रडूही.

दुसऱ्या दिवशी हिरालालनं सांगून टाकलं, "बाबूजी, अगली पिक्चर दूसरा लिखेगा. आप नाटक ही करो."

"एक सीन सुन लो, फिर बोलना," हे म्हणाले.

मग ऑफिस सुटलं की हे गुढियारीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर.

"काहून जाता हो तिथं?"

"लोक खरी धमकी कशी देतात, ते ऐकून राहिलो."

घरी यायचं, लिहायचं, मले वाचायला लावायचं अन् फाडून टाकायचं. माझी भाजी करपली, पण हा माणूस हटला नाही. "खुनी ओरडत नसते, मंजिरी. हळू बोल." हळू बोलून कोणी घाबरते का? माझं डोकं फिरलं होतं, तरी बोलली.

हिरालालच्या गोडाउनात वाचायलाही मलेच नेलं. खुनी मी.

"भैया, गाड़ी में बैठो. आपकी माँ हमारे यहाँ खाना खा रही है."

हिरालाल खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "फिर?"

यांनी कागद घडी करून खिशात घातले.

"परदे पर नाम मेरा रहेगा, तब बताऊँगा."