बिनशेपटीचा फाझान

स्टुटगार्टमधल्या तीस वर्षांत मी किती पत्रे लिहिली याची गणती माझ्या पत्नीला ठाऊक असेल; मी ती ठेवलेली नाही. जिन्यातल्या दिव्यासंबंधी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार पाहणाऱ्या कचेरीला, सहा पत्रे गेली आणि सातव्याला दिवा लागला. त्यांतल्या एकाही पत्राचा मला पश्चात्ताप नाही. ज्या एका पत्राचा आहे, ते एका मेलेल्या पाखरासंबंधी होते.

शिकारीचा परवाना मी पन्नाशीत काढला. त्यासाठी इथे परीक्षा असते, आणि तिच्यातला कायद्याचा पेपर मला मनापासून आवडला. पाखरू कोणाचे, जखमी होऊन शेजारच्या हद्दीत गेले तर कोणाचे, शेजाऱ्याच्या बाजूला बंदूक वळवावी की नाही, या सगळ्याला नियम आहे आणि तो पाळला जातो. कारखान्यातले माझे जुने वरिष्ठ निवृत्तीनंतर कार्ल्सरूहेच्या पलीकडे, ऱ्हाइनकाठच्या मक्याच्या शेतांत, शिकारीचे रान भाडेपट्ट्याने घेऊन होते. दर नोव्हेंबरात ते दहाबारा स्नेह्यांना बोलावीत. अकरा वर्षे मी न चुकता जात होतो, आणि अकरा वर्षे ते मला ‘झी’ म्हणत होते. जर्मन भाषेतले ते अहो-जाहो. मला त्यात काही गैर वाटत नव्हते. किंबहुना मला तो मान वाटत होता.

बाराव्या वर्षी मी माझ्या मित्राला बरोबर नेले. मित्र म्हणायचे ते सवयीने. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पुण्याचा, करारावर आलेला अभियंता. मला काका म्हणे, पत्नीला काकू. माझ्याच टिपणांवर अभ्यास करून तो परवान्याची परीक्षा पास झाला होता, आणि माझ्याच शब्दावर त्याला आमंत्रण मिळाले होते. सकाळी आठला आम्ही रानात पोहोचलो. अकरा वाजता यजमान त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला ‘डू’ म्हणत होते.

तीन तासांत अरे-तुरे! मी थर्मासचे झाकण घट्ट लावले.

दुपारच्या हाक्यात आमच्या जागा शेजारी शेजारी होत्या, मधे चाळीस पावलांचे अंतर. धुके पुरते उठले नव्हते. हाकारे काठ्या आपटत मक्यातून पुढे येत होते. इतक्यात फाझान या रानकोंबड्यासारख्या पाखराचा एक नर, तांबूस अंगाचा, हातभर लांब शेपटीचा, ओरडत माझ्यासमोरून उठला आणि डावीकडे वळला. मी बार काढला. पिसे उडालेली मी डोळ्यांनी पाहिली. पाखरू डगमगले, तरी उडत राहिले. मग शेजारून दुसरा बार झाला आणि ते खाली कोसळले.

“काका, तुमचं हं ते!” तो पलीकडून ओरडला. “पिसं तुम्हीच उडवलीत!”

आता नियम असा, की छऱ्यांच्या शिकारीत ज्याच्या शेवटच्या बाराने पाखरू पडते, पाखरू त्याचे. हा नियम त्याला मीच शिकवला होता, टिपणात दोनदा अधोरेखित करून.

“नियम वाच,” मी म्हणालो. “शेवटचा बार तुझा. पाखरू तुझं.”

हे मी म्हणालो, कारण ते खरे होते. पण आपल्याकडे ‘नको’ हे पहिल्याच वेळी शेवटचे नसते. त्याने पुन्हा आग्रह करावा, मी पुन्हा नको म्हणावे, आणि तिसऱ्यांदा यजमानांच्या देखत त्याने ते माझ्या नावावर घालावे, असे मला मनातून वाटत होते. तो हसला आणि म्हणाला, “आल्झो, बरं तर, तुम्हीच म्हणताय तर माझं!”

संध्याकाळ व्हायच्या आत सगळी शिकार पाइनच्या डहाळ्यांवर रांगेने मांडली. शिंग वाजले. यजमानांनी एकेकाची संख्या वाचली. माझी पाच. त्याची सहा. सर्वांत जास्त शिकार त्याची, म्हणून दिवसाचा राजा तो झाला. यजमानांनी त्याच्या टोपीत हिरवी डहाळी खोचली, टाळ्या पडल्या, आणि मी हातमोजे न काढता टाळ्या वाजवल्या. ते एक पाखरू माझ्याकडे असते, तर सहा माझी असती आणि पाच त्याची. अकरा वर्षांत मी एकदाही राजा झालो नव्हतो.

शिकार यजमानांची असते. पाहुण्यांना प्रत्येकी एक जोडी भेट मिळते. आमच्या मंडळात पहिली निवड राजाची, असा प्रघात होता. माझ्याने तिथे थांबवेना. मी माझ्या गाडीशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने तो एक जोडी घेऊन आला, नर आणि मादी, मानेला सुतळी बांधलेली.

“ही तुमची जोडी, काका. मुद्दाम निवडलीय.”

मी धन्यवाद म्हणालो. घरी तळघरात दिव्याखाली जोडी टांगली, तेव्हा दिसले की नराला शेपूटच नाही. सगळ्या रांगेत जे पाखरू कोणी उचलले नसते ते त्याने ‘मुद्दाम’ माझ्यासाठी निवडले होते.

पाखरे चार दिवस टांगून ठेवायची असतात. ते चार दिवस मी पत्र लिहीत होतो.

“अहो, आता कुणाला?” पत्नीने चहा ठेवताना विचारले.

“यजमानांना.”

“पाखरं दिली म्हणून आभाराचं?”

तिने पहिले पान उलटून पाहिले. “आभाराच्या पत्रात नकाशा कशाला हो?”

पत्र चार पानांचे झाले. दोघांच्या जागा, पाखराची दिशा, बारांचे कोन, सारे मोजपट्टीने आखलेले. मुद्दा पहिला: माझ्या बाराने पाखरू आधीच प्राणांतिक जखमी झाले होते, त्यामुळे दुसरा बार अनावश्यक होता. मुद्दा दुसरा: शेजाऱ्याच्या पाखरावर बंदूक चालवण्याला शिकाऱ्यांच्या भाषेत ‘शुसनाइड’, म्हणजे दुसऱ्याच्या बाराचा मत्सर, म्हणतात, आणि शिकाऱ्याला याहून लाजिरवाणा दोष नाही. मुद्दा तिसरा: वडीलधाऱ्याला वाटणीत खराब पाखरू देणे हे कोणत्याही देशात असभ्यच. मत्सर हा शब्द मी दुसऱ्याच्या नावापुढे लिहीत होतो आणि माझे अक्षर अतिशय स्वच्छ येत होते. आरोपीला आरोपाची प्रत मिळाली पाहिजे, या न्यायाने एक प्रत मित्रालाही काढली. गुरुवारी दोन्ही पाकिटे पोस्टाने पोच-पावतीसह रवाना केली.

शुक्रवारी सकाळी पाखरे साफ करायला घेतली. पिसे मी काढली. पुढचे काम पत्नीने हाती घेतले. अर्ध्या तासाने तिने हाक मारली.

“अहो, छरे बघा किती! दातात येतील कुणाच्या तरी. तुमचेच का हे?”

बशीत अकरा छरे होते, नराच्या मानेतून आणि छातीतून काढलेले. मी एक छरा उचलून उजेडात धरला; तो मला जाड वाटला. मी तीन मिलिमीटरचे छरे वापरतो. मित्र साडेतीनचे वापरतो. पाखरांना इतके जाड छरे लागत नाहीत म्हणून मी त्याला बोललोही होतो. मी टेबलाच्या खणातून व्हर्नियर काढला, छरे धुतले, पुसले आणि एकेक मोजला. दोन चपटे झाले होते; ते बाजूला ठेवले. उरलेले नऊच्या नऊ साडेतीन. मग मी कचऱ्याच्या पिशवीतून मागचा भाग बाहेर काढला. शेपटीच्या पिसांचे देठ मुळाशी तुटले होते, कातरल्यासारखे. धुक्यात मी उडालेली पाहिली ती पिसे छातीची नव्हती. माझ्या बाराने त्या पाखराची फक्त शेपूट गेली होती.

म्हणजे हे तेच पाखरू होते, आणि त्याने ते मला दिले होते.

“काय झालं?” पत्नीने विचारले.

“पाखरू त्याचं होतं,” मी म्हणालो.

“मग? नियमानं त्याचंच होतं ना? तुम्हीच तर म्हणालात.” तिने हात धुतले. “आणि पत्र टाकलंत?”

“टाकलं.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

आत जाऊन तिने फोन फिरवला. भिंतीपलीकडून मला ऐकू आले, “उद्या दुपारी जेवायलाच ये रे. रस्सा करतेय. हो, काकांनी आणलेल्या पाखरांचा.”

मी दुसरे पत्र लिहायला बसलो. ते अर्ध्या पानाचे झाले. पहिल्या पत्रातले तिन्ही मुद्दे पुराव्याअभावी नव्हे, विरुद्ध पुराव्यामुळे मागे घेत आहे, असे मी लिहिले आणि अकराही छरे चिकटपट्टीने खाली लावले.

शनिवारी सकाळी यजमानांचा फोन आला. पहिले पत्र त्यांना मिळाले होते.

“पाखरू तुमच्याकडेच आहे,” ते म्हणाले. “उघडून बघा.”

“बघितलं. दुसरं पत्र वाटेत आहे.”

“बरं. राजाला पहिली निवड असते. त्याने हे बिनशेपटीचं उचललं. मी विचारलं, का? तर म्हणाला, याची शेपूट माझ्या काकांनी पाडलीय, याच्यावर हक्क त्यांचा. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.”

“नव्हतं.”

“गेनाऊ, तेच तर. पुढच्या वर्षी तुमची जागा तीच, त्याच्या शेजारी.” हे सगळे ‘झी’ म्हणूनच. तेराव्या वर्षीही ते बदलणार नव्हते.

दुपारी तो आला. कोटाच्या खिशातून माझे पाकीट डोकावत होते. त्याने बूट काढले, पाकीट टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढली.

“काका, तिसऱ्या पानावर तुमचा कोन चुकलाय.”

“कोणता?”

“वारा धरलाच नाहीत. पाखरू डावीकडे वाहत होतं.” त्याने पान उघडून बोट ठेवले. मी चष्मा लावून पाहिले. वारा खरोखरच धरला नव्हता.

“ते पत्र मी मागे घेतलं आहे,” मी म्हणालो. “लेखी.”

“माहितेय. काकू बोलल्या.” त्याने पान घडी करून परत पाकिटात घातले. “हे मात्र मी ठेवणार हं. इतकी नीट आकृती मला ऑफिसात कुणी काढून देत नाही.”

रागवायला काही तरी हवे होते आणि ते तो हाती लागू देत नव्हता. तो चांगला नेमबाज आहे, हे मी सोसले असते. यजमानांनी त्याला डू म्हटले, हेही मी एखाद्या वर्षात सोसले असते. राजेपणाची पहिली निवड त्याने माझ्यासाठी खर्च केली, आणि मी मात्र तिच्यावर चार पाने लिहिली, हे मला सोसत नव्हते. त्याच्या जागी मी असतो, तर मी सर्वांत देखणा नर उचलला असता.

पत्नीने पातेले आणले. त्याने तिच्या हातातून डाव घेतला, छातीचा मोठा तुकडा शोधला आणि माझ्या ताटावर धरला.

“काका?”

‘नको, तू घे,’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते. मी ताट पुढे केले.

मग पत्नीने त्याला वाढले. तो एकदा नको म्हणाला, ती ऐकेना, आणि दोन्ही तंगड्या त्याच्या ताटात गेल्या. मी ते पाहून ठेवले.