विमानांच्या सौद्यात आलेली नलिनी

काशीचा माणूस म्हटलं की याला असलं काहीतरी दिसायचंच, असं लोक धरून चालतात. म्हणून आधीच सांगतो, भुतंखेतं, संकेत, साक्षात्कार यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. मी आयुष्यभर प्रवासी विमानं विकली. आख्खी जेट विमानं... एअरलाइन्सना. इंधन किती जळेल, धावपट्टी किती लागेल, माझं सगळं बोलणं याच्याभोवती. जे सिद्ध करता येत नाही ते ग्राहकासमोर बोलायचं नाही, हा माझा खाक्या. आणि तरी एका पितृपक्षात माझ्याच तोंडून जे निघालं, ते कुठून आलं हे मला आजही सांगता येत नाही.

आमचं घर दुर्गाघाटच्या गल्लीत. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे, त्यामुळे मुलगा विमानं विकतो हे गल्लीला पचायचंच नाही. "भैया, दुकान किधर है आपका?" असं पानवाल्याने मला अगदी मनापासून विचारलं होतं. पण काय दिवस होते ते! सकाळी दिल्ली, रात्री सिंगापूर, आणि बॅगेत विमानाचं हातभर मॉडेल. परदेशी कंपनीच्या भारतातल्या विक्रीचा प्रमुख होतो मी.

त्या वर्षी मुंबईचे एक शेठ आपल्या एअरलाइनसाठी सगळा ताफा नवा घेणार होते. शर्यतीत दोघेच उरलो होतो — मी आणि दुसऱ्या कंपनीचा मेहरा. साहेबांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, हा सौदा आणलास तर आशियाचा प्रमुख, नाहीतर आहे ती खुर्चीही दुसऱ्याची. आणि शेठचा निरोप काय यावा? मी पितृपक्षात काशीला येतोय, विमानांचं तिथेच ठरवू. माझ्या गावात! मी तर हवेतच होतो.

घोळ एवढाच झाला की शेठ ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी आमच्याकडे वडिलांचं श्राद्ध. मेहरा सकाळीच त्यांना कचोरी खिलवायला घेऊन गेला, आणि मी सोवळं नेसून पाटावर. जीव नुसता तळमळत होता.

आमच्यात महालयाच्या श्राद्धाला आई-वडिलांच्या मागोमाग काका, आत्या, सासरे, गुरू, स्नेही अशा सगळ्या गेलेल्यांची नावं घेऊन तिळाचं पाणी सोडतात. गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं, "आणखी कोणी आप्त, स्नेही?" मला काकूचं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं आणि निघालं — "नलिनी."

स्पष्ट. खणखणीत. स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं.

"गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग काश्यप म्हणू," ते म्हणाले. गोत्र माहीत नसेल तर तसंच करतात. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातून पाणी गेलंसुद्धा. आमच्या सात पिढ्यांत नलिनी नाही, शाळेत नाही, ऑफिसात नाही.

आणि आत वसुधा, माझी बायको, वडे तळत होती. झारा हातात घेऊनच दारात आली. "अच्छा," ती म्हणाली, "म्हणजे गेली वाटतं. कोण होती?"

"अगं, खरंच ठाऊक नाही."

"सच सांगा."

काय सांगणार, कपाळ? जेवणं होईपर्यंत तिने मला नुसतं वाढलं. मी हात धुतले आणि पळालो ते थेट मुन्शी घाटावर. तिथून शेठना नावेने आमच्याकडे आणायचं ठरलं होतं.

पूर नुकताच ओसरला होता. पायऱ्यांवर गाळ होता आणि नावा कालपरवाच सुरू झालेल्या. शेठ एकटेच आले, सेक्रेटरीलाही वर हॉटेलात ठेवून. मुंबईत वाढलेले, मराठी अगदी आपल्यासारखं. मी आपला सुरू झालो, आमचं इंजिन, आमची देखभाल. भोसले घाटाचा तो दगडी वाडा आला तरी माणूस हूं नाही की चूं नाही. मी मनात म्हटलं, मेहराने मारली बाजी.

तेवढ्यात ते म्हणाले, "जोगळेकर, विमानं राहू द्या. जिच्याशी आपलं नातं सांगता येत नाही, तिला पाणी देता येतं का हो?"

ते सांगत राहिले. तरुणपणी एक मुलगी होती, नर्स. घरच्यांनी मोडता घातला, यांनी मान तुकवली आणि वडिलांनी दाखवलेल्या मुलीशी लग्न केलं. ती तशीच राहिली, एकटीच गेली. तिच्यामागे कोणी नव्हतं. "बायकोला माहीत नाही, मुलाला नाही. सकाळी हॉटेलने बोलावलेल्या पंडिताने नातं विचारलं, मला सांगता येईना. तसाच परत फिरलो." मग हळूच म्हणाले, "नलिनी नाव."

नावेची कड मी घट्ट धरून ठेवली.

आता माझी पंचाईत बघा. आमच्या धंद्यात ग्राहकाची खडान्‌खडा माहिती काढतात. शेठची साखर, नातवाचा वाढदिवस, सगळं मला पाठ होतं. "तिला सकाळीच पाणी दिलंय" असं मी बोललो असतो, तर त्यांना वाटलं असतं की या विक्रेत्यानं माझं काळीज उकरून सौद्यात मांडलं. आणि नाही बोललो तर म्हातारा ते ओझं घेऊन परत जाणार. मी एवढंच म्हटलं, "आमचे गुरुजी घरीच आहेत. त्यांना विचारू."

जिना आमचा अरुंद. मी पुढे, शेठ मागे. वसुधाने दार उघडलं, तिला मीच दिसलो.

"आलात? आता बऱ्या बोलानं सांगा, ही नलिनी कोण? सकाळी पाणी दिलंत तिला आणि गोत्रही ठाऊक नाही म्हणता?"

वळून बघतो तर शेठ पायरीवर बसलेले.

"माझी चौकशी केलीत?" त्यांनी मला विचारलं. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली. गुरुजी बाहेर आले, त्यांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. शेठनी वसुधाकडे बघितलं. तिचा राग अजून नाकावरच होता. असा राग कोणाला शिकवून आणता येत नाही. ते ढसाढसा रडले. मग तिने त्यांना आत नेलं, पान वाढलं, आणि ते पोटभर जेवले.

निघताना माझा हात धरून म्हणाले, "विमानं मी मेहराकडून घेणार. तुमची चांगली आहेत. पण तुम्हाला दिली तर नलिनीच्या नावाने दिली असं मला जन्मभर वाटत राहील. ते नको."

साहेबांनी कारण विचारलं. मी कळवलं, इंधनाच्या हिशेबात कमी पडलो. खुर्ची गेली. आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी घाटावर इतका खूश होतो की पहिला सौदा जिंकलो तेव्हाही नव्हतो.

ते नाव कुठून आलं? झोपेत ऐकलं असेल, कोणी बोललं असेल... सगळं तपासून झालं. काही हाती लागत नाही. मी शोधायचं सोडलंय.

मागच्या वर्षी शेठ गेले. पितृपक्षात गुरुजींनी विचारलं, आणखी कोणी, तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. "नातं काय म्हणायचं?" गुरुजी म्हणाले. मला सांगता येईना. "स्नेही म्हणा," असं म्हणून मी पाणी सोडलं आणि उठायला लागलो.

आतून वसुधा म्हणाली, "अहो, थांबा, नलिनी राहिली."