तिसरी ‘अ’ आणि सावलीचा प्रोजेक्ट

आमच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासायला बसलं की कुणाला तरी काहीतरी आठवतं, आणि वह्या तशाच राहतात. गेल्या वर्षी तर कहर झाला. चारकोपच्या आमच्या मराठी शाळेत प्रोजेक्ट करून शिकवायचं ठरलं आणि सुरुवात माझ्या तिसरी ‘अ’पासून झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, परवानगी दिली ती अट घालून. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलवायचं, काय शिकलो ते मुलांनीच उभं राहून सांगायचं. जमलं नाही तर परत धडा पहिला, प्रश्न पहिला.

मला धाकधूक होती. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, उत्तरं देऊ नका, मुलांना प्रश्न पडू द्या. इतकी वर्षं मी उत्तरंच देत आले होते.

*

पहिल्या दिवशी पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली आणि म्हटलं, आज तुम्ही मला विचारा, कशाबद्दलही. वर्ग चिडीचूप. मी खुर्चीत हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. शेवटी पहिल्या बाकावरच्या सान्वीने काळजीने विचारलं,

“बाई, तुम्हाला बरं नाहीये का?”

*

प्रश्न मिळाला तो मारामारीतून. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा डबे घेऊन एकाच बदामाच्या झाडाखाली घुसते, आणि जागेवरून रोज भांडणं. मग ठरलं, आपल्या मैदानात सावली कुठे कुठे असते ते शोधायचं.

पार्थने प्रार्थना झाल्यावर झाडाच्या सावलीभोवती खडूची रेघ मारली. मधल्या सुट्टीत तो रडवेला होऊन स्टाफरूममध्ये आला. रेघ जागेवर होती, सावली भलतीकडे. त्याचा संशय चौथीवर होता. त्यांनीच ढकलली म्हणाला.

चौथीची टीचर म्हणजे माझी मैत्रीण ग्रेसी, तिथेच चहा पीत बसलेली. सूर्याचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने डोळे वटारले, तसं मी गिळलं आणि पार्थला म्हटलं, उद्या पहारा ठेव.

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गातून मधेमधे मैदानात सोडलं. दर खेपेला तो एक नवी रेघ मारून यायचा. मधली सुट्टी झाल्यावर हात खडूने पांढरे करून माझ्यासमोर उभा राहिला.

“चौथीचं कुणी आलंच नाही, बाई. सावली एकटीच जाते.”

मग त्यानेच मला हाताला धरून बाहेर नेलं आणि सूर्य कुठून कुठे गेला ते दाखवलं.

*

एक दिवस रिद्धी मैदानाचं मॉडेल घेऊन आली. पुठ्ठ्याची शाळा, हिरवंगार लॉन आणि बटण दाबलं की पेटणारा बल्बचा सूर्य. आमच्या मैदानात लॉनचा पत्ता नाही. कसं केलंस गं, म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “माहीत नाही, बाई. पप्पा हातच लावू देत नव्हते.”

मी घरी निरोप पाठवला की यापुढे जे करायचं ते मुलं शाळेतच करतील. दुसऱ्या दिवशी रिद्धीचे पप्पा ऑफिसला जाता जाता गेटवर थांबलेले. तुमचं बरोबर आहे, मुलांनीच केलं पाहिजे, असं सगळं मान्य केलं. निघाले, आणि परत वळले.

“मॅडम, पण सूर्य फिरवायची मोटर आणून ठेवलीय मी. तिचं काय करू?”

*

पूर्वी इथे झाडं कुठे होती ते विचारायला मुलांना ग्रेसीच्या घरी नेलं. ती गावठाणातली, तिच्या सासूबाईंचा जन्मही तिथलाच. त्यांनी मुलांना अंगणात बसवून केक दिला आणि चिंचा, ताडाची झाडं, विहिरी सगळं सांगितलं. सान्वीने विचारलं, लहानपणी तुम्ही कुठल्या सावलीत बसायचात?

“बसतंय कोण? आम्ही उन्हात खेळायचो. सावलीत बसते ती आता, म्हातारपणी.”

मुलांनी केक संपवला आणि सगळी उन्हात खेळायला पळाली. मुलाखत तिथेच संपली.

*

पालकांच्या सभेआधी नकाशा पुरा झाला. जुन्या बॅनरच्या मागच्या बाजूला मुलांनी अख्खं मैदान काढलं होतं. तो बघताना माझ्या लक्षात आलं. मधल्या सुट्टीत सगळ्यात मोठी सावली झाडाखाली नव्हतीच, ऑफिसच्या भिंतीशी होती. आणि तिथे मोठ्या बाईंची गाडी असते. मी ग्रेसीला म्हटलं, हा कोपरा गाळूया का? ती म्हणाली, “आता मागे फिरलीस ना, तर माझ्याशी बोलू नकोस.”

शनिवारी वर्ग पालकांनी भरला. मोठ्या बाई पुढे बसल्या होत्या. पार्थने पट्टीने नकाशा दाखवत सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “सगळ्यात थंड जागेत मोठ्या बाईंची गाडी बसते.”

पालक हसले. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मग मी गाडी कुठे लावायची?”

पार्थ माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे. तेवढ्यात सान्वी उठली. थोडा विचार केला आणि मोठ्या बाईंना अगदी प्रेमाने म्हणाली,

“बाई, तो तुमचा प्रोजेक्ट.”

सोमवारी मोठ्या बाई रिक्षाने आल्या.